शॅडो बसू नयेत, हायलाइट उडू नयेत: फिल्म निवडण्याचा माझा उद्योग

कडक उन्हात शूट करायचंय, ब्लॅक अँड व्हाइट फिल्म कुठली घेऊ, असं कुणालाही विचारून बघा. प्रत्येकजण आपल्या लाडक्या फिल्मचं नाव सांगतो आणि वर "कॉन्ट्रास्ट काय मस्त आहे हिचा" असं म्हणून मोकळा होतो. पण कॉन्ट्रास्ट म्हणजे नेमका कुठला? सावलीतला, उन्हातला, की मधल्या करड्या छटांमधला? ते कोणी सांगत नाही. मला तर भर दुपारचे फोटो काढायचे होते, अर्धी चौकट उन्हात आणि अर्धी सावलीत असे, आणि अट एवढीच की सावलीत नुसता डांबरासारखा काळा गोळा नको आणि उन्हातली भिंत कोऱ्या कागदासारखी नको. हे जमवता जमवता वर्षाचा बराचसा भाग गेला. ज्यांना हे करायचंय पण सुरुवात कुठून करावी कळत नाहीये त्यांच्यासाठी सगळं क्रमाने लिहितेय.

जानेवारीत सुरुवात केली तेव्हा घरी रोल धुण्याचा, म्हणजे डेव्हलप करण्याचा, विचारही नव्हता. दोन-तीन वेगळ्या फिल्म घेतल्या, एकाच प्रकारच्या उजेडात, डब्यावर लिहिलेल्या स्पीडवर (आयएसओवर, म्हणजे फिल्म उजेडाला किती संवेदनशील आहे त्या आकड्यावर) शूट केल्या आणि लॅबमध्ये धुवायला दिल्या. लॅबचा एक फॉर्म असतो, त्यात फिल्मचं नाव, साइझ, आयएसओ, आणि मग तीन चौकोन: नॉर्मल, पुश (जास्त वेळ धुणं), पुल (कमी वेळ धुणं). डेव्हलपर (फिल्मवर प्रतिमा उमटवणारं रसायन) कुठला वापरणार याला रकानाच नाही. विचारलं तर कळलं की जवळपास सगळे ब्लॅक अँड व्हाइट रोल एकाच डेव्हलपरमधून जातात, वेळ तेवढी गटागटाने बदलते. यात काही वावगं नाही, दिवसाला ढीगभर रोल असतात त्यांच्याकडे. पण मग वाट बघून बघून स्कॅन आले आणि बघते तर सगळ्या फिल्म सारख्याच दिसतायत! कारण साधं आहे: स्कॅनरचं सॉफ्टवेअर प्रत्येक चौकट आपोआप ताणतं, काळा काळ्यावर नेतं, पांढरा पांढऱ्यावर. फिल्मचा म्हणून जो काही स्वभाव असतो तो तिथेच सपाट होतो. निगेटिव्ह मात्र उजेडासमोर धरल्यावर चांगल्याच वेगळ्या दिसत होत्या, एक पातळ, एक घट्ट (निगेटिव्हवर सगळं उलटं असतं, जिथे उजेड जास्त तिथे फिल्म काळी, म्हणजे घट्ट, आणि सावलीत स्वच्छ, म्हणजे पातळ). तेव्हा पहिली गोष्ट, लॅबमध्ये देत असाल तर निगेटिव्ह परत हव्यात असं फॉर्मवर लिहा, स्कॅन फ्लॅट, म्हणजे आपोआप न ताणलेले, मागा, आणि पुश-पुल सांगायचं असेल तर फॉर्मबरोबर रोलवरही मार्करने लिहा, कारण फॉर्म आणि रोल यांची ताटातूट होऊ शकते.

पुढचा महिना गेला डेटाशीट वाचण्यात. हे कंटाळवाणं वाटेल पण सगळ्यात जास्त उपयोग याचाच झाला. प्रत्येक कंपनी फिल्मबरोबर एक पीडीएफ देते आणि त्यात शेवटी शेवटी एक आलेख असतो, आडव्या अक्षावर एक्स्पोजर, उभ्या अक्षावर निगेटिव्हवर किती काळेपणा साठला ते. फर्डिनंड हर्टर आणि व्हेरो ड्रिफील्ड या दोघांनी १८९० मध्ये ही पद्धत मांडली आणि अजूनही या आलेखाला एच अँड डी कर्व्ह म्हणतात. कर्व्ह खाली जवळजवळ सपाट असतो, तो टो. मग सरळ चढ. आणि वर जाऊन पुन्हा वाकतो, तो शोल्डर. तुमच्या सावल्या टोमध्ये किंवा त्याच्या जरा वर पडतात, हायलाइट वरच्या टोकाला. टो लांब असेल तर सावलीतल्या दोन वेगळ्या काळ्या छटा एकमेकींत मिसळतात. शोल्डर लवकर येत असेल तर हायलाइट दाबले जातात, म्हणजे ते फार घट्ट होत नाहीत पण त्यांच्यातला फरकही कमी होतो. आणि चढ सरळसोट वर जातच राहिला तर हायलाइटमध्ये डिटेल असतं, फक्त निगेटिव्ह इतकी घट्ट होते की प्रिंट करताना ते बाहेर काढायला घाम फुटतो. वाचताना लक्षात ठेवायचं ते एवढंच की आडव्या अक्षावर ०.३ म्हणजे एक स्टॉप, म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा. मग पट्टी घेऊन मोजता येतं की तुमचा सीन सात स्टॉपचा असेल तर तो आलेखावर २.१ एवढी जागा खाणार.

आणखी एक गोष्ट तिथेच कळली. डब्यावरचा आयएसओ ठरवण्याचा एक बिंदू असतो, फिल्मच्या मूळ धूसरपणापेक्षा ०.१ जास्त घनता (काळेपणा) जिथे मिळते तो. पण तोही ठराविक पद्धतीने डेव्हलप केल्यावर. तुमचा डेव्हलपर वेगळा, तुमचा मीटर वेगळा, तुमची धुताना टाकी हलवण्याची पद्धत वेगळी, त्यामुळे सावलीत तेवढंच मिळेल याची काही खात्री नाही. मी आता डब्यावरचा आकडा हा सल्ला म्हणून घेते.

मार्चमध्ये ठरवलं की घरीच धुवायचं आणि सगळ्या फिल्म एकाच सीनवर, एकाच डेव्हलपरमध्ये. सीन म्हणून जिना निवडला. खिडकीतून ऊन येतं, तिथे कठड्यावर पांढरा टॉवेल टाकला, आणि त्याच्या मागे सावलीतल्या कोपऱ्यात विणलेला काळा स्वेटर टांगला. मधे एक ग्रे कार्ड, म्हणजे मधल्या करड्या छटेचा पुठ्ठा. टॉवेल आणि स्वेटर का, तर दोन्हीला पोत आहे. टॉवेलचे बारीक बारीक फासे दिसले तर हायलाइट शाबूत, स्वेटरच्या विणीचे टाके मोजता आले तर शॅडो शाबूत. नुसती भिंत आणि नुसता अंधार ठेवला असता तर आपण काय गमावलं हे कळलंच नसतं.

फिल्म कुठल्या घ्यायच्या यावर फार डोकं लावलं नाही. इलफर्डच्या एचपी५ प्लस आणि एफपी४ प्लस, कोडॅकच्या ट्राय-एक्स ४०० आणि टी-मॅक्स ४००, आणि स्वस्तातली म्हणून फोमापान ४००. ट्राय-एक्स रोलमध्ये १९५४ पासून आहे (आताची फिल्म अर्थात तीच राहिलेली नाही), टी-मॅक्स १९८० च्या दशकातली, चपट्या दाण्यांची. म्हणजे जुनी आणि नवी दोन्ही घराणी आली. यातली एक फिल्म ऑर्डर केल्यावर "स्टॉक आल्यावर पाठवू" असा मेल आला आणि बरेच दिवस नुसती वाट बघत बसले. तोवर बाकीच्या फ्रिजमध्ये. फ्रिजमधून काढल्यावर डबी लगेच उघडू नका, खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर आत दव धरतं. आणि तुलना करायची असेल तर एका फिल्मचे सगळे रोल एकाच बॅचचे घ्या, डब्यावर इमल्शन नंबर असतो. पुढे ज्या फिल्मवर स्थिरावले तिचा शंभर फुटी डबा आणून स्वतः रोल भरायला लागले, ३६ चे साधारण अठरा रोल निघतात, पैसेही वाचतात आणि बॅचचा प्रश्नच मिटतो.

डेव्हलपर घेतला आयडी-११. कोडॅकचा डी-७६ हा १९२७ पासूनचा, आयडी-११ जवळजवळ त्याचाच भाऊ. पावडरच्या दोन पुड्या येतात, ए आणि बी, कोमट म्हणजे ४० अंशाच्या आसपासच्या पाण्यात आधी ए पूर्ण विरघळवायची आणि मगच बी. पावडर घेण्याचं एक कारण असंही की लिक्विड केमिकल कुरियरने पाठवायला पुष्कळ विक्रेते कुरकुर करतात. बाटलीवर तारीख लिहा. बाटली काठोकाठ भरलेली असेल तर सहा महिने टिकतो, अर्धी झाली की महिनाभर. मी छोट्या छोट्या बाटल्यांत भरून ठेवला, म्हणजे अर्धी बाटली उरतच नाही. १+१ करून, म्हणजे तेवढंच पाणी मिसळून, वापरला आणि एकदा वापरून ओतून दिला, त्यामुळे प्रत्येक रोलला सारखाच ताजा डेव्हलपर.

पहिल्यांदा धुताना भीती वाटते ती केमिकलची नाही, रीळ भरण्याची. चेंजिंग बॅगमध्ये हात घालून, काहीही न दिसता फिल्म रीळावर चढवायची. एक फुकट गेलेला रोल घ्या आणि उजेडात बघत, मग डोळे मिटून, मग बॅगेत, असा सराव करा. रीळ पूर्ण कोरडं हवं, जरा ओलावा असला की फिल्म अडकते. हाताला घाम येत असेल तर बॅगेत फार वेळ झटापट करू नका. फिल्म टाकीत टाकून झाकण लावायचं, हात बाहेर काढायचे, दोन मिनिटं थांबायचं.

आता मोजमाप. स्पॉट मीटर (एका लहानशा भागाचाच उजेड मोजणारा) आयएसओ ४०० वर ठेवला तर स्वेटर १/६० सेकंदाला एफ २.८ दाखवत होता (एफचा आकडा मोठा तेवढं लेन्सचं छिद्र लहान) आणि टॉवेल १/६० ला एफ ३२. म्हणजे सात स्टॉपचा फरक. मीटर ज्याच्याकडे रोखाल त्याला तो मधला करडा करायला बघतो, स्वेटरला करडा आणि टॉवेललाही करडा. अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स आणि फ्रेड आर्चर यांनी १९४० च्या सुमाराला झोन सिस्टिम बांधली ती याच भानगडीवर. त्यात शून्य म्हणजे ठार काळा, पाच मधला करडा, दहा कोरा पांढरा आणि एकेका झोनमध्ये एक स्टॉप; पोत दिसायला हवा अशी गडद सावली झोन तीनवर बसवायची, म्हणजे मीटर सांगतो त्यापेक्षा दोन स्टॉप कमी. स्वेटरला एफ २.८ तर मी लावायचं एफ ५.६. असं केलं की टॉवेल मधल्या करड्यापेक्षा पाच स्टॉप वर जातो, झोन दहावर, म्हणजे नॉर्मल धुतलं तर प्रिंटवर कोरा कागद. पोतासकट पांढरा हवा असेल तर तो झोन आठवर यायला हवा. दोन स्टॉप जास्त आहेत. हे दोन स्टॉप कुठे जिरवायचे एवढाच सगळा खेळ आहे.

प्रत्येक फिल्मवर मीटरने सांगितलेलं, एक स्टॉप कमी, एक जास्त, दोन जास्त अशा चौकटी घेतल्या, आणि प्रत्येक चौकटीत कार्डाशेजारी एक चिठ्ठी, फिल्मचं नाव आणि सेटिंग लिहिलेली. ही चिठ्ठी ठेवाच, महिन्याभराने कुठली चौकट कुठली हे देवालाही सांगता येत नाही. ऊन सरकतं, म्हणून दुपारच्या त्याच वेळेला, आणि दर वेळी दोन्हीकडचं रीडिंग घेऊनच. ढग आला की थांबायचं. लेन्स एकच, हूड लावलेलं. जुन्या, कोटिंग नसलेल्या लेन्सने इथे निकालच बदलतो, कारण खिडकीचा उजेड आत इकडेतिकडे उडून सावलीवर पसरतो आणि आपण समजतो फिल्मच शॅडो उघडतेय.

धुण्यात २० अंश तापमान आणि ढवळणं हे दोन्ही घट्ट धरून ठेवलं. दर मिनिटाला दहा सेकंद टाकी उलटी-सुलटी, प्रत्येक वेळी तशीच. जोरात आणि जास्त वेळा हलवलं की हायलाइट वाढतात, सावल्यांना फारसा फरक पडत नाही. थर्मामीटर दोन असतील तर दोघांचं पटत नाही, एकच वापरा आणि तो खोटा असला तरी रोज तेवढाच खोटा असतो.

निगेटिव्ह वाळल्या, लाइट टेबलवर शेजारी शेजारी ठेवल्या, लूप (छोटं भिंग) लावला. स्कॅन नाही, आधी नुसते डोळे.

एचपी५ प्लस डब्याच्या स्पीडला स्वेटर अगदी काठावर होता, कॉलरचे टाके दिसत होते पण बाहीच्या घडीत काही नाही. एक स्टॉप जास्तीच्या चौकटीत घडीतली वीणसुद्धा आली. आणि टॉवेल? घट्ट झाला होता पण ठार काळा नाही, लूपमधून फासे दिसत होते. मधल्या करड्या जराशा मऊ, थोडी निस्तेज म्हणाल तर म्हणा. लोक एचपी५ ला फ्लॅट म्हणून नावं ठेवतात ते यामुळेच, पण सात स्टॉपच्या उन्हात ही मऊपणाची सवयच तर हवी असते!

ट्राय-एक्समध्ये सावलीची गोष्ट साधारण तशीच, पण ग्रे कार्डाच्या आसपासच्या छटा जास्त ठणठणीत, एकमेकींपासून सुट्या. टॉवेल किंचित लवकर घट्ट. याच मधल्या ठसक्याला सगळे कॉन्ट्रास्ट म्हणत असतात हे तेव्हा डोक्यात शिरलं.

टी-मॅक्सने दोन्ही बाजूंनी चकित केलं. ४०० लाच स्वेटर नीट, टो आखूड असल्याचा फायदा सरळ दिसतो. पण वर शोल्डर यायचं नावच नाही, टॉवेल चढतोय चढतोय चढतोय. डिटेल सगळं आहे, पण दोन स्टॉप जास्तीची चौकट लाइट टेबलवरसुद्धा अंधारी. शिवाय ही फिल्म धुण्याच्या वेळेला फार हळवी आहे, मिनिटभर इकडे तिकडे झालं तरी हायलाइट लगेच जाणवतात. शिस्तीच्या माणसाची फिल्म. फिक्सरही (उरलेलं, उजेड न लागलेलं इमल्शन काढून टाकणारं रसायन) ती जास्त खाते, कमी फिक्स झाली किंवा कमी धुतली तर गुलाबी झाक उरते. फिल्मच्या टोकाचा तुकडा आधी फिक्सरमध्ये टाकून किती सेकंदात पारदर्शक होतो ते बघायचं, बाकीच्या फिल्मना त्याच्या दुप्पट वेळ देते, टी-मॅक्सला तिप्पट.

फोमापान ४०० ही आयडी-११ मध्ये ४०० नाहीच, माझ्या मते २०० धरून चालावं. डब्याच्या स्पीडला स्वेटर म्हणजे खिडकीच्या काचेसारखी स्वच्छ फिल्म, काहीही नाही. २०० ला मात्र छान, आणि टॉवेलच्या कडेला एक हलकी प्रभा येते, उजेड थोडा सांडल्यासारखा. कुणाला ती आवडते. मला एखाद-दुसऱ्या फोटोत आवडते. स्वस्त आहे म्हणून शिकायला उत्तम, पण एक स्टॉप गेलाय हे हिशोबात धरा.

एफपी४ प्लस, १२५ ची. दाणा बारीक, मधल्या छटा खणखणीत, ८० ला शूट केली तर सावलीही भरलेली. स्टँड लावायची तयारी असेल तर भर उन्हासाठी माझं पहिलं मत हिलाच. पण मी हातात कॅमेरा घेऊन फिरते, आणि सावलीसाठी एक्स्पोज करायचं तर १२५ फार लवकर हात टेकते.

एवढं झाल्यावर कळलं ते असं की फिल्म-फिल्ममधला फरक आहे, पण एका स्टॉपच्या जास्तीच्या एक्स्पोजरने पडणारा फरक त्यापेक्षा मोठा. म्हणून मे-जूनमध्ये नवीन फिल्म आणणं बंद केलं आणि एचपी५ घेऊन धुण्याच्या वेळेवर बसले. शॅडोसाठी एक्स्पोज करा, हायलाइटसाठी डेव्हलप करा, हे वाक्य सगळीकडे ऐकायला मिळतं. ते का चालतं तर निगेटिव्हवरचा काळेपणा म्हणजे चांदी, आणि सावलीत थोडीच चांदी बनायची असते, ती सुरुवातीच्या काही मिनिटांत बनून जाते, हायलाइट मात्र शेवटपर्यंत वाढत राहतात. मग शेवटची मिनिटं कापली तर कापले जातात हायलाइट. एचपी५ ला आयडी-११ १+१ मध्ये इलफर्ड १३ मिनिटं सांगते. मी आयएसओ २०० वर शूट करून वेळ पाऊण मिनिटाच्या पायऱ्यांनी कमी करत गेले आणि साडेदहाच्या आसपास थांबले. तिथे टॉवेलचे फासे दोन नंबरच्या ग्रेडवर (ग्रेड म्हणजे प्रिंटच्या कागदाचा कॉन्ट्रास्ट) आपसूक प्रिंट व्हायला लागले आणि स्वेटर जागेवर राहिला. त्याहून खाली गेलं की मधल्या छटा मेल्यासारख्या दिसतात, सगळं राखाडी. वेळ फार कमी केली की थोडा स्पीडही जातो, म्हणूनच एक स्टॉप आधीच जास्त द्यायचा असतो. हे माझ्या टाकीचे आणि माझ्या हाताचे आकडे, तुमचे जरा वेगळे निघतील, पण सुरुवातीला पंधरा-वीस टक्के वेळ कमी करून बघा.

पुशचं उलटं आहे आणि त्याबद्दल गैरसमज फार. ४०० ची फिल्म १६०० ला शूट करून जास्त वेळ धुतली तर सावलीत जे पोचलंच नाही ते येत नाही. मधले आणि वरचे तेवढे वाढतात. कॉन्ट्रास्ट भरपूर मिळतो, शॅडो गेल्या त्या गेल्या.

३५ मिमीची अडचण अशी की अख्खा रोल एकदमच धुतला जातो. अर्धा रोल उन्हात आणि अर्धा ढगाळ दिवशी काढला तर कुणाला तरी त्रास होणारच. मी आता रोल उजेडाप्रमाणे वेगळे ठेवते आणि डबीवर "ऊन २००" किंवा "ढग ४००" असं लिहिते. त्यामुळे घाईघाईत रोल संपवायची सवय मोडली, आणि दुसरी एक बॉडी घ्यावी लागली ते वेगळंच.

जिना सोडून बाहेर आले तेव्हा फिल्टरचा मुद्दा पुढे आला आणि हा मला फार रंजक वाटला. उघड्यावर ऊन सूर्याचं असतं, पण सावलीत उजेड येतो तो निळ्या आकाशाचा, म्हणजे सावली निळसर असते. पिवळा फिल्टर निळा अडवतो. आपण लावतो आकाश गडद व्हावं, ढग उठून दिसावेत म्हणून, आणि सोबत सगळ्या सावल्याही खाली जातात. पिवळ्याने थोड्या, नारिंगीने बऱ्याच, लाल लावला तर विचारूच नका. एकाच झाडाखाली विनाफिल्टर आणि नारिंगी अशा दोन चौकटी घेतल्या, फिल्टरचे दोन स्टॉप भरून दिले तरी दुसरीत खोडाची अर्धी साल गायब. तेव्हा शॅडो हव्या असतील तर भर उन्हात फिल्टर काढून ठेवा, किंवा लावलाच तर अर्धा-एक स्टॉप आणखी द्या. याचीच दुसरी बाजू म्हणजे ऑर्थोक्रोमॅटिक फिल्म, जिला लाल दिसतच नाही. इलफर्डची ऑर्थो प्लस ८० ची आहे, तिच्यात निळ्या सावल्या आपसूक उघडतात, आकाश मात्र पांढरं फटक होतं आणि माणसांचे ओठ आणि चेहऱ्यावरचे डाग गडद येतात. झाडं, दगड, भिंती यांच्यासाठी मजेदार, पोर्ट्रेट काढताना समोरच्याला आधी सांगून ठेवा.

ढगाळ दिवसांचं काम त्यामानाने सोपं निघालं. फरक तीन-चार स्टॉपचाच असतो, काहीच कुठे उडत नाही, अडचण उलट की सगळं मिळमिळीत. तिथे ट्राय-एक्स, ४०० लाच, पूर्ण वेळ किंवा त्याहून थोडी जास्त. किंवा एचपी५ नेहमीसारखी धुऊन प्रिंटच्या वेळी ग्रेड तीन-साडेतीन.

प्रिंटबद्दल एक सांगायला हवं. फिल्ममध्ये जेवढं मावतं तेवढं कागदात मावत नाही. हायलाइट उडाले असं आपण म्हणतो तेव्हा पुष्कळदा ते निगेटिव्हमध्ये बसलेले असतात, कागदापर्यंत पोचलेले नसतात. मल्टिग्रेड पेपरला ००पासून ५पर्यंत ग्रेड असतात, घट्ट निगेटिव्ह शून्य-एकवर छापली की टॉवेल सापडतो पण मग स्वेटर करडा पडतो. म्हणून निगेटिव्ह अशी बनवायची की ती दोनच्या आसपास छापली जाईल आणि दोन्हीकडे हलायला जागा राहील. खर्चाचं विचाराल तर माझे सगळ्यात जास्त पैसे फिल्मवर नाही, पेपरवर गेले. चाचणीसाठी कागदाच्या लहान पट्ट्या (टेस्ट स्ट्रिप) कापा, अख्खे कागद उधळू नका.

स्कॅनच करणार असाल तर निगेटिव्ह थोडी मऊ असलेली बरी, फार घट्ट हायलाइटमध्ये स्कॅनरला नॉइज येतो. आणि कॅमेऱ्याने स्कॅन करत असाल तर एक्स्पोजर फिल्मच्या कोऱ्या पट्टीवर एकदा लॉक करा आणि सगळ्या रोलना तेच ठेवा. मगच फिल्म-फिल्ममधला फरक दिसतो, नाहीतर जानेवारीतल्या माझ्या लॅब स्कॅनसारखं सगळं एकाच छापाचं.

घरी धुणं ज्यांना शक्यच नाही त्यांनी एक्सपी२ सुपरचा विचार करा. ही ४०० ची ब्लॅक अँड व्हाइट फिल्म कलर निगेटिव्हच्या सी-४१ प्रोसेसमध्ये धुतली जाते, त्यामुळे रंगीत रोल धुणारी कुठलीही लॅब चालते. २०० ला शूट करा, धुताना काही वेगळं सांगू नका. चांदीऐवजी डायची प्रतिमा असल्याने जास्त एक्स्पोजर दिलं तर उलट दाणा कमी होतो आणि हायलाइट खूप वेळ तग धरतात. मधल्या छटांत ट्राय-एक्सचा ठसका नाही, पण स्वेटर आणि टॉवेल दोन्ही फारशी कटकट न करता मिळाले.

आता बॅगेत नेहमी असते ती एचपी५, उन्हाला २०० वर आणि कमी वेळ धुतलेली. ढगांसाठी ट्राय-एक्स. एफपी४ स्टँडबरोबर. टी-मॅक्सवर माझा जीव आहे पण घाईच्या दिवशी तिला हात लावत नाही. सध्या कॅमेऱ्यात इलफर्डचा पॅन एफ प्लस आहे, आयएसओ ५०, अंगचाच कडक कॉन्ट्रास्ट, उन्हात त्याला किती वेळ कमी धुवावं लागेल हे बघायचंय. तो एक्स्पोज केल्यावर तीन महिन्यांच्या आत धुवावा असं कंपनीच सांगते, जास्त ठेवला तर टिपलेलं फिकं पडत जातं, तेव्हा एवढ्या चौकटी संपल्या की आधी त्याचा नंबर.